जुन्या फायली वेबवर आणताना : प्रकल्प नोंदी, कोल्हापूर

७ एप्रिल

शाहूपुरीतील कार्यालयात आज कामाची व्याप्ती निश्चित करण्यात आली. संस्था पाणीवापरदार शेतकऱ्यांसाठी मासिक पत्रिका काढते आणि तिच्याकडे तीन प्रकारचा ऐवज साठलेला आहे : पेजमेकर या पानजुळणीच्या आज्ञावलीत जुळवलेले अंक, त्याआधीचे केवळ छापील स्वरूपात उरलेले अंक, आणि पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील पातळी व जिल्ह्यातील १२ तालुक्यांचा पाऊस नोंदवलेली एक्सेलची पाने. सगळ्याचे पीडीएफ करून चढवावे, म्हणजे काम आठवड्यात आटोपेल, अशी सूचना बैठकीत आली. ती स्वीकारली नाही, कारण जुन्या (रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या) फाँटातील मजकुराचे पीडीएफ दिसायला उत्तम मराठी असले तरी त्यात मराठीचे एकही अक्षर नसते. त्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी हाती येते, आणि शोधयंत्रालाही तीच खिचडी दिसते.

त्याऐवजी दोन कसोट्या लिहून ठेवल्या. संकेतस्थळाच्या शोधचौकटीत "शेतकऱ्यांना" हा शब्द टाकल्यावर तो असलेला प्रत्येक अंक सापडला पाहिजे. आणि शिरोळमधल्या वाचकाने मोबाइलवर एखाद्या दिवसाची पातळी वाचली, तर ती त्याला मूळ नोंदवहीत लिहिली होती तीच आणि त्याच अर्थाने मिळाली पाहिजे. पहिली कसोटी अवघड वाटते, दुसरी किरकोळ वाटते. माझा अंदाज उलट आहे.

९ एप्रिल

मूळ फायली एका वेगळ्या डिस्कवर जशाच्या तशा उतरवल्या आणि प्रत्येकीचा शा-२५६ ठसा (फाइल जराही बदलली की बदलणारा संकेत) काढून यादीत लिहिला. या प्रतींवर कोणीही काम करायचे नाही. रूपांतराचे नियम पुढे बदलले, तर पुन्हा मुळापासून सुरुवात करता यावी, एवढाच हेतू आहे.

१५ एप्रिल

पेजमेकरच्या फायली उघडण्याचे दोन मार्ग तपासले. लिब्रऑफिस ही मोफत कार्यालयीन आज्ञावली ४.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, पेजमेकरच्या फायली वाचू शकते, परंतु मजकूर पानावरच्या सुट्या चौकटींच्या रूपात येतो आणि एका लेखाची चौकट कुठल्या चौकटीला जोडली होती हे हाताने पाहावे लागते. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या विंडोज यंत्रावर पेजमेकर चालू करून प्रत्येक लेख आरटीएफ स्वरूपात बाहेर काढणे. लक्ष्मीपुरीत अनेक वर्षे जुळणीचे काम केलेल्या काकांकडे असे चालू यंत्र आहे. त्यांनी ते आनंदाने आठवड्यासाठी दिले, फक्त माऊस आपला आणा, असे बजावले.

आरटीएफच का, हे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. साधा मजकूर काढणे सोपे असते, पण त्यात फाँटाची माहिती गळून पडते आणि या कामात फाँट हाच अर्थ आहे. कृतिदेव फाँटातील एफ आणि डी ही दोन अक्षरे म्हणजे "कि". तीच दोन अक्षरे साध्या रोमन फाँटात असतील तर ती एफ आणि डीच. पत्रिकेत खतांची नावे, बियाण्यांचे वाण आणि एककांची लघुरूपे रोमन लिपीत मधूनमधून येतात. फाँटाची खूण नसेल, तर रूपांतराची आज्ञावली त्यांनाही मराठी समजून अर्थशून्य अक्षरे तयार करील. आरटीएफमध्ये प्रत्येक तुकड्याला फाँटाचे नाव चिकटलेले राहते, म्हणून तोच मार्ग ठरवला.

२१ एप्रिल

अंकांत एकूण कोणकोणते फाँट आहेत त्याची गणना केली. बहुतेक मजकूर श्रीलिपीचा आहे, काही वर्षांचा कृतिदेवचा, आणि जाहिरातींत इतर बरेच काही. श्रीलिपीच्या सगळ्या आवृत्त्यांची अक्षरयोजना एकसारखी नसल्याने एकच कोष्टक (जुन्या फाँटाचे कोणते चिन्ह म्हणजे कोणते मराठी अक्षर, याची यादी) सर्वत्र लावता येत नाही. प्रत्येक फाँटासाठी वेगळे कोष्टक तयार करून ते छापील अंकाशी पडताळावे लागत आहे.

कोष्टक हा कामाचा सोपा भाग आहे. खरी अडचण क्रमाची आहे, कारण जुने फाँट अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवतात आणि युनिकोड (आजची सर्व लिप्यांची सामाईक अक्षरपद्धती) ती उच्चारली जातात त्या क्रमाने. "स्थिती" या शब्दातली पहिली वेलांटी जुन्या फायलीत सर्वांत आधी येते. युनिकोडमध्ये ती संपूर्ण "स्थ" ओलांडून त्याच्यामागे जायला हवी, केवळ पुढच्या एका अक्षरामागे नव्हे. रफार याच्या उलट वागतो : जुन्या फायलीत तो ज्या अक्षरावर बसतो त्याच्या नंतर टंकलेला असतो आणि युनिकोडमध्ये त्या अक्षराच्या आधी जातो. सहकारी संस्थेच्या मजकुरात पावलोपावली येणारा "आर्थिक" हा शब्द दोन्ही नियम एकाच वेळी तपासतो, कारण तेथे एकाच "थ"ला समोरून वेलांटी आणि वरून रफार येतो. आधी रफार जागेवर न्यायचा, मग वेलांटीने तयार झालेले संपूर्ण जोडाक्षर ओलांडायचे, असा क्रम ठरवल्यावर हा शब्द आणि त्याच्यासारखे "वार्षिक", "मार्मिक", "निर्मिती" हे सगळे सरळ झाले.

याखेरीज टंकलेखकांच्या सवयी आहेत. ओळ छान बसावी म्हणून प्रत्येक ओळीअखेर एन्टर मारलेला आहे, शब्द तोडून हाताने संयोगचिन्ह घातलेले आहे, अनुस्वार आणि मात्रा यांचा क्रम कधी असा तर कधी तसा आहे. कागदावर यातले काहीही दिसत नाही, म्हणून ते कोणाचे दोष म्हणता येणार नाहीत. कागद हेच त्या कामाचे अंतिम रूप होते.

२ मे

रूपांतरित मजकुरावर पहिली कसोटी चालवली. "शेतकऱ्यांना" हा शब्द निम्म्याहून कमी ठिकाणी सापडला, पडद्यावर मात्र सगळीकडे तो बिनचूक दिसत होता. कारण असे की "ऱ्या" दोन प्रकारे लिहिता येतो : एकदा ०९३१ या संकेतांकाचा ऱ, हलन्त आणि य, दुसऱ्यांदा साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह आणि य. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळे शब्द. आमच्या दोन कोष्टकांपैकी एक पहिला प्रकार तयार करत होते आणि दुसरे दुसरा. शेतकऱ्यांसाठी चालणाऱ्या पत्रिकेत नेमका हाच शब्द दुभंगावा, याला काय म्हणावे. सर्वत्र ०९३१ चा प्रकार ठेवण्याचे ठरवले, कारण त्यात अदृश्य चिन्ह नाही आणि मोबाइलवर टंकणारा वाचकही बहुधा तोच वापरतो. तरीही शोधचौकटीत आलेला शब्द शोधण्यापूर्वी त्याच साच्यातून काढला जातो, म्हणजे कोणी कसाही टंकला तरी चालेल.

"ॲ" या अक्षराचीही तीच कथा आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, आवृत्ती ५.१ मध्ये स्वतंत्रपणे आले. त्याआधी लोक अ वर अर्धचंद्र देऊन काम भागवत आणि आजही अनेक कळफलक तसेच करतात. युनिकोडचे प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका रूपात आणण्याचे नियम) हे दोन प्रकार एक मानत नाही, म्हणून हा नियम आम्हाला स्वतंत्रपणे लिहावा लागला.

८ मे

लेखांची एचटीएमएल (वेबची) पाने तयार करण्यासाठी पॅन्डॉक ही स्वरूप बदलणारी आज्ञावली वापरत आहोत. प्रत्येक पानावर भाषा मराठी असल्याची नोंद घातली आहे. त्यामुळे पडदावाचक (दृष्टिहीनांसाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी आज्ञावली) योग्य आवाज निवडतो आणि ज्या फाँटात सोय आहे तेथे ल आणि श मराठी वळणाने उमटतात. मथळे खरोखरच मथळे म्हणून नोंदले, केवळ ठळक अक्षरे म्हणून नव्हे. या भागाबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

१३ मे

केवळ छापील असलेले अंक ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या साधनाला दिले. हे साधन ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८० च्या दशकात सुरू झाले आणि २००५ मध्ये सर्वांना खुले झाले. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते न्यूरल (नमुन्यांवरून शिकणाऱ्या) पद्धतीने ओळ वाचते आणि मराठीसाठी त्याचे प्रशिक्षित प्रारूप उपलब्ध आहे. स्वच्छ छपाईच्या पानांवर फळ चांगले मिळते. शाई पसरलेल्या पानांवर घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची अदलाबदल होते, अनुस्वार उडतात, आणि दोन स्तंभांचे पान असेल तर कधी कधी डाव्या स्तंभाच्या ओळीला उजव्या स्तंभाची ओळ जोडली जाते. म्हणून स्तंभ आधीच वेगळे कापून देत आहोत.

मजकुराच्या बाबतीत मी ही पद्धत मान्य करतो, आकड्यांच्या बाबतीत मुळीच नाही. "धरण"चे "घरण" झाले तर वाचक हसून पुढे जातो; १ चा ९ झाला तर कोणाला कळणारही नाही. छापील तक्त्यांतील आकडे दोन जणांनी स्वतंत्रपणे टंकायचे आणि मग दोन्ही फायली यंत्राने ताडून पाहायच्या, असे ठरवले. जेथे फरक निघेल तेवढ्याच जागा मूळ पानावर पाहाव्या लागतील.

२० मे

एक्सेलची पाने उघडली. आधी तारखा. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असताना ०५/०८/२०१९ असे टंकले, तर एक्सेल ते ८ मे समजते. १३/०८/२०१९ टंकले, तर तेरावा महिना नसल्याने ते तारीख न मानता मजकूर म्हणून तसेच ठेवते. परिणामी प्रत्येक महिन्याचे पहिले १२ दिवस वर्षभर विखुरलेले आणि पुढचे दिवस रकान्यात डावीकडे चिकटलेले, असे चित्र दिसते. सुदैवाने ही नोंदवही फक्त पावसाळ्याची आहे. जानेवारी किंवा फेब्रुवारीतील तारीख दिसली की ते पान उलटले आहे हे निश्चित होते, आणि मग त्या पानावरच्या जुलै-ऑगस्टमधल्या निरुपद्रवी दिसणाऱ्या तारखाही संशयाने पाहता येतात. पान हे एकक धरून निर्णय घेतला. एकेका रकान्यावर निर्णय घेणे धोक्याचे ठरले असते. सर्व तारखा आता वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे २०१९-०८-०५ अशा, मजकूर म्हणून साठवल्या जातात.

२६ मे

पातळीच्या स्तंभाचा आलेख काढून पाहिला. पूर चढत असतानाची रेषा जवळपास प्रत्येक फुटाच्या शेवटी अचानक खाली आपटते आणि लगेच वर येते. नदी असे करत नाही.

पत्रिकेसाठी पूर्वी या नोंदी ठेवणारे अण्णा आता निवृत्त असून कसबा बावड्यात राहतात. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, टिंबाच्या पुढं इंच असत्यात, दशांश न्हवं." म्हणजे ३९.५ हे साडेएकोणचाळीस फूट नसून ३९ फूट ५ इंच आहेत. कोल्हापुरात पातळी फूट-इंचांतच सांगितली जाते, इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे येथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, त्यामुळे नोंदवहीत तसे लिहिणे अगदी स्वाभाविक होते. कागदावर ४२.९ नंतर ४२.१०, मग ४२.११ आणि मग ४३ अशी चढण सरळ वाचता येते. एक्सेलला मात्र ही दशांश संख्या वाटते, आणि दशांशाच्या शेवटचे शून्य निरर्थक म्हणून ते ४२.१० चे ४२.१ करून ठेवते.

यातून होणारे नुकसान दुहेरी आहे. ४२.११ ही ४२.२ पेक्षा लहान ठरते, त्यामुळे हंगामातील कमाल पातळी काढणारे सूत्र चुकीचा दिवस दाखवते. त्याहून वाईट म्हणजे ४२ फूट १ इंच आणि ४२ फूट १० इंच या दोन्ही नोंदी रकान्यात ४२.१ अशाच उरतात. पहिल्या नोंदीत धोका पातळी ११ इंच दूर आहे, दुसऱ्यात दोन इंच. चिखली-आंबेवाडीच्या माणसासाठी जनावरे केव्हा हलवायची, हा प्रश्न या नऊ इंचांत असतो. एका वर्षाच्या पानावर कोणीतरी दोन दशांश स्थळांची मांडणी लावली होती. तेथे सगळेच ४२.१० दिसतात, म्हणून ते पान सर्वांत नीटनेटके वाटते आणि सर्वांत फसवे आहे.

३० मे

४२.१ सारख्या प्रत्येक नोंदीचा अर्थ लावण्याचे नियम लिहिले. पहिला आधार टंकणाऱ्याची सवय : काही वर्षांच्या पानांवर एक इंच ".०१" असा लिहिलेला आहे, आणि ज्या पानावर .०१ दिसते त्या पानावर .१ म्हणजे दहा इंचच असणार. दुसरा आधार शेजारच्या नोंदी : ४२.८, ४२.९, ४२.१, ४२.११ अशी ताशी रांग असेल, तर शंकेला जागा नाही, ४१.११, ४२.१, ४२.२ अशी असेल, तरीही नाही. अडचण दिवसातून एकदाच घेतलेल्या नोंदींची आहे. ४१.४ नंतर ४२.१ आणि नंतर ४३.२ अशी रांग दोन्ही अर्थांनी बसते आणि तेथे कोणताही नियम लावणे म्हणजे अंदाजाला नोंदीचा दर्जा देणे होय. अशा ठिकाणी सरासरी घ्यावी, अशी सूचना आली. ती मला मान्य नाही, कारण सरासरीची पातळी त्या दिवशी कोणीही पाहिलेली नाही.

३ जून

अण्णा स्वतः कार्यालयात आले आणि मूळ नोंदवह्या घेऊन आम्ही दोघे बसलो. त्यांना बोटाने ओळ धरून वाचायची सवय आहे. ते मोठ्याने वाचत गेले आणि मी पडद्यावर खूण करत गेलो. बहुतेक संदिग्ध नोंदी अशा प्रकारे सुटल्या. २०१९ च्या पुरात कार्यालयाच्या तळमजल्यावरील कपाटात पाणी शिरले होते, तेव्हा भिजलेल्या काही पानांवरची शाई मात्र पूर्ण उतरली आहे. तेथील नोंदींसाठी इंचांचा रकाना रिकामा ठेवून शेजारी "संदिग्ध : १ किंवा १०" असे लिहिले. आलेखात त्या दिवशी रेषा तुटलेली दिसेल. संकेतस्थळाचे काम पाहणाऱ्या तरुणाला तुटलेली रेषा कुरूप वाटते. ती तशीच राहील.

नव्या फायलीत फूट आणि इंच असे दोन स्तंभ आहेत आणि त्यांवरून मोजलेला मीटरचा तिसरा, एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर या हिशोबाने. हे मीटर बंधाऱ्यावरील मोजपट्टीच्या शून्यापासूनचे आहेत. धरणांची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये दिली जाते, आणि दोन्ही आकडे एकाच आलेखात टाकण्याचा मोह कोणालाही होईल, म्हणून "पातळीचा संदर्भ" असा स्तंभ वेगळा ठेवला.

९ जून

पावसाची पाने. येथे प्रश्न रिकाम्या जागांचा आहे. काही रकान्यांत ०, काहींत आडवी रेघ, काहींत "निरंक", काही कोरे. कार्यालयीन मराठीत निरंक म्हणजे अहवाल आला आणि पाऊस शून्य होता; कोरा रकाना म्हणजे अहवालच आला नाही. शिरोळमध्ये शून्य पाऊस असणे नेहमीचे, ऐन जुलैत गगनबावड्यात शून्य म्हणजे बहुधा दूरध्वनी बंद. हे दोन अर्थ एका शून्यात मिसळले, तर तालुक्याची सरासरी बिघडते. निरंक आणि ० यांना शून्य, कोऱ्याला कोरेच, आणि आडव्या रेघेला त्या त्या वर्षाच्या पानाखालील टीप पाहून अर्थ दिला. पाऊस सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा असतो, म्हणजे त्यातला मोठा भाग आदल्या दिवशीचा. हेही स्तंभाच्या वर्णनात लिहिले.

तालुक्यांची नावे एकाच पद्धतीने लिहिली (शाहूवाडीची तीन रूपे सापडली) आणि शेजारी २०११ च्या जनगणनेचे संकेतांक दिले. हे पाच अंकी संकेतांक शून्याने सुरू होतात आणि एक्सेल ते शून्य गिळते, म्हणून तेही मजकूर म्हणूनच.

१६ जून

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फायली तयार झाल्या. आकडे देवनागरीत ठेवायचे की नाही यावर थोडी चर्चा झाली. पायथन ही आज्ञावलीची भाषा देवनागरी आकडे संख्या म्हणून स्वीकारते. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट स्वीकारत नाही आणि आलेख कोरा येतो. त्यामुळे फायलीत इंग्रजी आकडे आणि वाचकाला दिसणाऱ्या तक्त्यात देवनागरी, अशी विभागणी केली. पाण्याच्या विसर्गाच्या क्युसेकमधील (सेकंदाला घनफूट) आकड्यांतले स्वल्पविराम काढले. ठिकाणांच्या नावांतले स्वल्पविराम अवतरणचिन्हांत बंद केले.

यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) मधील फाइल दुहेरी क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, तर मराठी मथळ्यांची जागा चित्रविचित्र चिन्हे घेतात. फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटांची खूण घातली की हे टळते, परंतु काही आज्ञावल्या ती खूण पहिल्या मथळ्याचा भाग समजतात. आमचे बहुतेक वाचक एक्सेलच वापरणार, म्हणून खूण ठेवली आणि सोबतच्या वर्णनपत्रात ती असल्याचे स्पष्ट लिहिले.

२३ जून

टॉकबॅक हा अँड्रॉइडचा पडदावाचक लावून मोबाइलवर तीन लेख आणि एक तक्ता ऐकला. लेख सुरळीत वाचले गेले. तक्त्यात विलीन केलेले रकाने उरले होते, त्यामुळे आकडा कोणत्या तालुक्याचा ते कळेना. रकाने सुटे करून प्रत्येक ओळीला तालुक्याचे नाव दिले. पत्रिकेच्या जुन्या अंकांत थकबाकीदार सभासदांच्या नावांच्या याद्या गट क्रमांकासह छापल्या आहेत. तेव्हा त्या काही गावांत वाचल्या गेल्या असतील; शोधता येण्याजोग्या स्वरूपात त्या जगभर आणि कायमच्या उपलब्ध होतील. त्या याद्या वेबपानांतून वगळल्या असून त्या जागी "सभासद यादी, वगळली" अशी ओळ आहे. छापील अंक कार्यालयात कोणालाही पाहता येतो.

३० जून

यंदाच्या नोंदी थेट नव्या फाइलमध्ये जाव्यात म्हणून भरण्याचा तक्ता तयार करून दिला. फूट आणि इंच वेगळे. इंचांच्या रकान्यात ० ते ११ याखेरीज काहीही स्वीकारले जात नाही. तारीख यादीतून निवडायची. कागदी नोंदवहीत पूर्वीप्रमाणे टिंब देऊन लिहायला हरकत नाही, असे नोंद ठेवणाऱ्या ताईंना सांगितले, कारण तेथे ४२.१० चे शून्य कोणी पुसत नाही. कृतिदेवच्या वर्षांतील जाहिरातींचा मजकूर अद्याप बाकी आहे. त्यातल्या सजावटी फाँटांची कोष्टके लिहिण्यापेक्षा जाहिराती चित्र म्हणून ठेवून खाली पर्यायी मजकूर हाताने टंकणे स्वस्त पडेल, असे दिसते. जुलैमध्ये एका वर्षाच्या अंकांवर तसे करून पाहायचे आहे.